पाळी गेल्यानंतरचे आरोग्य : काय स्वाभाविक, काय उपचारयोग्य

स्त्रीची मासिक पाळी कायमची थांबणे यास वैद्यकशास्त्रात रजोनिवृत्ती किंवा ऋतुनिवृत्ती असे म्हणतात. आपल्या घरोघरी मात्र 'पाळी गेली' एवढेच म्हटले जाते आणि त्यानंतर या विषयावर सहसा कोणी बोलत नाही. सलग बारा महिने पाळी आली नाही आणि त्यास गर्भधारणा, औषधोपचार किंवा अन्य आजार असे दुसरे कारण नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे समजण्यात येते. युरोप-अमेरिकेतील स्त्रियांमध्ये ही अवस्था सरासरी एकावन्नाव्या वर्षी येते. भारतीय स्त्रियांमध्ये ती चार-पाच वर्षे अगोदर, म्हणजे ४६ ते ४७ या वयातच येते. चाळिशीच्या आत पाळी थांबल्यास ती अकाली रजोनिवृत्ती होय आणि तिची वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे. पंच्याहत्तर वर्षे जगणारी स्त्री आपल्या आयुष्याचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक काळ या अवस्थेत घालविते, हा साधा हिशेब आपण क्वचितच करतो.

एका धर्मगुरूने या विषयावर लिहावे हे काही वाचकांना कदाचित विचित्र वाटेल. परंतु आजाऱ्यांच्या भेटीसाठी घरोघरी जाताना जे दिसते ते हेच. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेली आजी, चर्चमध्ये दीर्घकाळ बसवत नाही म्हणून मागच्या बाकावरून लवकर उठून जाणारी आणि त्याचे कारण कोणालाही न सांगणारी बाई, अंगावरून जात असूनही वर्षभर गप्प राहिलेली गृहिणी. 'वय झाले, आता असे व्हायचेच' हे वाक्य त्या स्वतः म्हणतात, मुले म्हणतात, आणि कधी कधी डॉक्टरही म्हणतात. त्यातील काही गोष्टी खरोखरच वयाच्या आहेत. बऱ्याचशा मात्र नाहीत, आणि त्यांवर उपाय आहेत.

मूळ कारण

स्त्रीच्या बीजांडकोशात इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार होते. गर्भाशय आणि स्तन यांच्याप्रमाणेच हाडे, रक्तवाहिन्या, त्वचा, मूत्रमार्ग आणि मेंदू या सर्वांवर त्याचा प्रभाव असतो. चाळिशीनंतर बीजांडांचा साठा संपत येतो, इस्ट्रोजेनची पातळी प्रथम वरखाली होते आणि नंतर खूप खाली येऊन तेथेच राहते. म्हणूनच या एकाच बदलाचे परिणाम एकमेकांशी संबंध नसलेल्या वाटणाऱ्या अनेक अवयवांत दिसून येतात. स्त्री हाडांच्या डॉक्टरांकडे एकदा, लघवीच्या तक्रारीसाठी दुसरीकडे आणि झोप लागत नाही म्हणून तिसरीकडे जाते. या तिन्ही तक्रारींचा धागा एकच असू शकतो, हे तिला सांगणारा कोणी भेटत नाही.

गरम वाफा, घाम आणि झोप

अचानक छाती, मान व चेहरा तापणे, दरदरून घाम सुटणे, त्यापाठोपाठ थंडी वाजणे, रात्री घामाने जाग येणे ही सर्वांत परिचित लक्षणे होत. काहींना ती मुळीच होत नाहीत, तर काहींचे दैनंदिन जीवन त्यामुळे विस्कळीत होते. ही लक्षणे वर्षभरात जातात असा समज आहे. प्रत्यक्षात अमेरिकेतील एका मोठ्या दीर्घकालीन पाहणीत, ज्यांना वारंवार वाफा येत अशा स्त्रियांमध्ये त्या सुमारे सात वर्षे टिकल्याचे आढळले. सैल सुती कपडे, खेळती हवा, चहा-कॉफी व तिखट यांवर थोडे नियंत्रण आणि वजन कमी करणे यांनी काहीसा आराम पडतो. तेवढ्याने भागले नाही तर औषधे आहेत. त्यांचा विचार पुढे केला आहे.

येथे एक सावधगिरी हवी. धडधड, घाम, चिडचिड, वजनातील बदल, थकवा ही थायरॉइडच्या आजाराचीही लक्षणे आहेत आणि तो आजार याच वयातील स्त्रियांत पुष्कळ आढळतो. रक्ताची एक साधी चाचणी ते स्पष्ट करते. त्याचप्रमाणे सतत उदास वाटणे, कशातच मन न लागणे, जगणे नकोसे होणे याला 'पाळी जाण्याचा स्वभाव' म्हणून सोडून देऊ नये. ज्यांना पूर्वी कधी नैराश्य येऊन गेले आहे त्यांना या काळात ते पुन्हा येण्याचा धोका अधिक असतो, आणि त्यावर उपचार होतात.

थांबलेला रक्तस्राव पुन्हा सुरू होणे

या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. पाळी थांबून एक वर्ष झाल्यानंतर योनीमार्गातून पुन्हा रक्त गेले, मग ते एकच थेंब असो, तांबूस डाग असो वा पाळीसारखा स्राव असो, तर ती पाळी नव्हे. काही घरांत 'पुन्हा पाळी आली' म्हणून त्याचे कौतुकही होते, काही ठिकाणी 'उष्णता वाढली' म्हणून सब्जाचे बी दिले जाते. दोन्हींमध्ये मोलाचे महिने निघून जातात.

बहुतेक वेळा याचे कारण साधे असते. योनी किंवा गर्भाशयाचे आतील अस्तर पातळ होऊन नाजूक झालेले असते, किंवा आत एखादा निरुपद्रवी मस्सा वाढलेला असतो. परंतु असा रक्तस्राव झालेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे नऊ जणींमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आढळतो. उलट बाजूने पाहिल्यास, हा कर्करोग झालेल्या दहापैकी नऊ स्त्रियांना रक्तस्राव हेच लक्षण होते. म्हणजे हा रोग बहुधा स्वतःहून वेळेवर सूचना देतो. ती सूचना मिळताच तपासणी झाली तर रोग गर्भाशयाच्या आतच सापडतो आणि शस्त्रक्रियेने बहुसंख्य रुग्ण बऱ्या होतात. लठ्ठपणा, मधुमेह, अपत्य न होणे, तसेच स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन हे औषध घेणे यांमुळे धोका वाढतो.

तपासणीची भीती बाळगण्याचे कारण नाही. डॉक्टर प्रथम आतून तपासतात, नंतर योनीमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. ती चार मिलिमीटर किंवा त्याहून कमी असल्यास कर्करोगाची शक्यता अत्यल्प असते. जास्त असल्यास, किंवा रक्त पुन्हा पुन्हा जात असल्यास, अस्तराचा लहानसा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठविला जातो.

हाडे

हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. शरीर जुने हाड सतत विरघळविते आणि त्या जागी नवे बांधते. इस्ट्रोजेन या मोडण्याच्या क्रियेला लगाम घालते. तो लगाम सुटला की बांधणीपेक्षा मोड अधिक होते आणि पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत काही स्त्रियांच्या हाडांचा पाचवा हिस्साही झिजून जातो. हाडे आतून पोकळ व ठिसूळ होण्याच्या या विकाराला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. तो दुखत नाही. म्हणूनच तो पहिल्यांदा कळतो तो हाड मोडल्यावर.

तीन ठिकाणची हाडे विशेषकरून मोडतात. पडताना हात टेकल्यामुळे मनगट, हे बहुधा पहिले. त्यानंतर पाठीचे मणके. ते पडल्यावाचूनही, बादली उचलताना किंवा नुसते वाकतानाही दबले जाऊ शकतात. उंची दोन-तीन सेंटिमीटरने कमी होणे आणि पाठीला पोक येणे ही त्याची खूण. 'म्हातारपणी माणूस वाकतोच' असे आपण म्हणतो. वस्तुतः त्या वाकण्यामागे पुष्कळदा मोडलेले मणके असतात. आणि तिसरे, सर्वांत गंभीर, खुब्याचे हाड. ते मोडलेल्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा रुग्ण वर्षभरात दगावतात, आणि जे वाचतात त्यांतील अनेकांना पूर्वीसारखे स्वतंत्रपणे चालता येत नाही. भारतात ही मोडतोड पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत सुमारे दहा वर्षे लवकर दिसते. पन्नाशीच्या पुढे साध्या पडण्याने मनगट मोडले तर प्लास्टर घालून प्रकरण संपले असे न मानता हाडांची घनता तपासून घ्यावी. पहिले हाड हे दुसऱ्याची वर्दी असते.

घनता मोजण्याची तपासणी डेक्सा या नावाने ओळखली जाते. ती वेदनारहित असून काही मिनिटांत होते. तिच्या अहवालातील टी-स्कोअर हा आकडा उणे २.५ किंवा त्याहून खाली असल्यास ऑस्टिओपोरोसिस समजला जातो. उणे १ ते उणे २.५ ही मधली अवस्था होय. पासष्टीच्या पुढील प्रत्येक स्त्रीने ही तपासणी एकदा करून घेणे इष्ट. ज्यांची पाळी लवकर गेली, आईचे खुब्याचे हाड मोडले होते, शरीर फार सडपातळ आहे किंवा दमा-संधिवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ चालू आहेत त्यांनी ती त्यापूर्वीच करावी. जत्रेत किंवा शिबिरात टाचेला यंत्र लावून केलेली मोफत तपासणी ही केवळ अंदाज देते. तिच्या जोरावर कोणी औषधांचा डबा विकू लागल्यास सावध राहावे.

आहाराविषयी आता थोडे सविस्तर. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार पाळी गेलेल्या स्त्रीला दररोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. आपल्याकडे पन्नाशीतील बाईच्या वाट्याला दूध येते ते चहापुरते. तरीही उपाय आपल्याच स्वयंपाकघरात आहेत. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तीळ तर त्याहून कितीतरी सरस. परंतु आपण ते संक्रांतीपुरते राखून ठेवले आहेत. पेलाभर दूध किंवा वाटीभर दही दोनशे-अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास देते. आपल्या किनारपट्टीवरील भगिनींना आणखी एक सोय आहे, ती म्हणजे जवळा, मांदेली यांसारखी काट्यासकट खाल्ली जाणारी लहान मासळी. पापलेट-सुरमईला मान मिळतो, पण हाडांच्या दृष्टीने जवळाच श्रेष्ठ. मात्र सुकी मासळी खारवलेली असल्यास रक्तदाब असणाऱ्यांनी ती बेताने खावी.

कॅल्शियम शोषून घेण्यासाठी ड जीवनसत्त्व हवे, आणि वर्षातील आठ महिने ऊन असलेल्या या देशात त्याची कमतरता सर्वत्र आढळते. सकाळच्या कोवळ्या उन्हात बसावे हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. परंतु ज्या किरणांमुळे त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होते ते किरण कोवळ्या उन्हात जवळजवळ नसतात; साधारण अकरा ते दोन या वेळेत हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटे बसल्यास उपयोग होतो. पूर्वी शेतात राबणाऱ्या, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईचा बाजार गाठणाऱ्या वसईच्या बायकांना ऊन आणि वजन उचलण्याचा व्यायाम हे दोन्ही आपोआप मिळत असे. त्यांच्या सुना इमारतींतून राहतात. त्यांचे कष्ट कमी झाले हे चांगलेच झाले. परंतु चालणे, जिने चढणे, थोडे वजन उचलणे यांवाचून हाडे टिकत नाहीत.

६०,००० युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी आठवड्यातून एकदा काही आठवडे घेण्यास डॉक्टर सांगतात. ती रोज घेणे किंवा वर्षानुवर्षे दर आठवड्याला घेत राहणे घातक आहे. रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास इजा होते. कॅल्शियमच्या गोळीबाबतही एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट सांगतो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या पुष्कळ भगिनी सकाळी उठल्या की सर्व गोळ्या एकदम घेऊन मोकळ्या होतात. कॅल्शियम आणि लोह हे दोन्ही थायरॉइडच्या औषधाला शोषू देत नाहीत. त्यांच्यात निदान चार तासांचे अंतर हवे.

ऑस्टिओपोरोसिस झाल्याचे ठरल्यावर मात्र नुसते कॅल्शियम पुरत नाही. आठवड्यातून एकदा घ्यावयाची ॲलेन्ड्रोनेटची गोळी हे सर्वाधिक वापरले जाणारे औषध. ती सकाळी उपाशीपोटी, मोठ्या पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा तास आडवे होऊ नये, काही खाऊ नये. तसे न केल्यास अन्ननलिकेस जखम होते. चहाबरोबर घेतली तर ती वाया जाते. ज्यांना गोळी सोसत नाही त्यांच्यासाठी वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे झोलेड्रोनिक ॲसिड आहे. ही औषधे चालू असताना दात काढण्याची वेळ आल्यास दंतवैद्यास अवश्य सांगावे.

आणि घर. रात्री संडासाच्या वाटेवर दिवा, न्हाणीघरात घट्ट बसविलेली पकडदांडी, बुळबुळीत फरशीवर खडबडीत चटई, पायात सैल सपाता नकोत, मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढे ढकलू नये. या गोष्टींना औषधाच्या मानाने पैसे फार लागत नाहीत. मुलगे आईला सणाला साडी देतात. त्याऐवजी एकदा दांडी बसवून द्यावी असे सुचवावेसे वाटते.

जे बोलले जात नाही

इस्ट्रोजेन कमी झाल्यावर योनीमार्ग आणि मूत्रमार्ग यांची त्वचा पातळ व कोरडी होते. आग, खाज, लघवीला जळजळ, वारंवार जावे लागणे, मूत्रसंसर्ग पुन्हा पुन्हा होणे आणि पती-पत्नीच्या संबंधात वेदना होणे ही सर्व त्याचीच रूपे होत. गरम वाफा कालांतराने थांबतात. हा कोरडेपणा मात्र उपचाराविना वाढतच जातो. पत्नी दूर राहते याचा अर्थ तिचे प्रेम आटले असा काढणाऱ्या पतीने प्रथम तिला वेदना होतात का हे विचारावे. इस्ट्रोजेनचे मलम अगदी अल्प मात्रेत योनीमार्गात लावल्याने ही तक्रार बहुतांशी दूर होते, मूत्रसंसर्गही कमी होतात, आणि औषध रक्तात फारसे मिसळत नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांनी मात्र कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच ते वापरावे.

खोकताना, शिंकताना, हसताना लघवी सुटणे आणि लघवीची घाई झाल्यावर संडासापर्यंत पोहोचण्यापूर्वीच कपडे ओले होणे या दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत. त्यांचे उपचारही निरनिराळे. डॉक्टरांना नेमके सांगितले पाहिजे. अनेक भगिनी लग्न, यात्रा, मिस्सा, लांबचा प्रवास टाळतात किंवा पाणी पिणेच कमी करतात. पाणी कमी केल्याने लघवी अधिक दाट होऊन जळजळ व संसर्ग वाढतो. पहिल्या प्रकारात ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम फार गुणकारी आहे. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली तो मांडला. लघवी अडवून धरताना जे स्नायू आवळले जातात तेच पाच ते दहा सेकंद आवळून सोडावेत. एका वेळी दहा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. बसून, उभ्याने, भाजी निवडताना, कोठेही करता येतो आणि शेजारणीला कळतही नाही.

'अंग बाहेर येणे' ही तक्रार तर वर्षानुवर्षे फडक्याने आत सारून सोसली जाते. अनेक बाळंतपणे, बाळंतपणानंतर लगेच केलेली जड कामे, जुनाट खोकला व बद्धकोष्ठ यांनी सैल झालेले स्नायू पाळी गेल्यावर अधिक ढिले पडतात आणि गर्भाशय किंवा मूत्राशय खाली उतरते. सुरुवातीस व्यायामाने, नंतर आत बसविण्याच्या रिंगने आणि गरज पडल्यास शस्त्रक्रियेने हे बरे होते. शस्त्रक्रिया सोसणार नाही अशा ऐंशीच्या आजीलाही रिंग बसविता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

हृदय

हृदयविकार हा पुरुषांचा आजार ही समजूत पन्नाशीनंतर खरी राहत नाही. पाळी गेल्यावर अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते, चरबी कमरेभोवती साठते, रक्तदाब चढू लागतो. मधुमेह असलेल्या स्त्रीला तर पाळी चालू असतानाही निसर्गाचे संरक्षण पुरेसे मिळत नाही. स्त्रियांमध्ये झटका नेहमीच छातीत कळ येऊन येत नाही; दम लागणे, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणे, विलक्षण थकवा एवढ्यावरच तो येतो आणि 'पित्त झाले' म्हणून सोडा घेऊन बाई निजते. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासावे. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा. मिश्री व तंबाखू सोडावी.

गुडघेदुखीबद्दल येथे विस्ताराने लिहीत नाही. वजन कमी करणे आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम हे तिचे पहिले दोन उपचार होत, तेल व पट्टा त्यानंतर.

कर्करोग

भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा, त्याखालोखाल गर्भाशयमुखाचा. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले.

या दोन रोगांच्या इतिहासात धर्मभगिनींचे एक अनपेक्षित स्थान आहे. पादुआ येथील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी मठांतील भगिनींमध्ये स्तनाचा कर्करोग अधिक असल्याची नोंद केली. पुढे १८४२ साली दोमेनिको रिगोनी-स्टर्न यांनी व्हेरोना शहरातील मृत्यूंच्या जुन्या नोंदी तपासून दाखविले की भगिनींमध्ये स्तनाचा कर्करोग अधिक, तर गर्भाशयाचा कर्करोग फारच कमी. आज त्याची कारणे ठाऊक आहेत. बाळंतपण आणि स्तनपान यांमुळे स्तनाच्या कर्करोगापासून काही संरक्षण मिळते, ते अविवाहितेस मिळत नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग मात्र शरीरसंबंधातून पसरणाऱ्या विषाणूमुळे होतो, म्हणून तो त्यांच्यात विरळ. आमच्या धर्मभगिनी दवाखाने चालवितात, शेकडो बायकांना तपासणीस पाठवितात आणि स्वतः मात्र जात नाहीत. प्रत्येक मठाच्या प्रमुखांनी वर्षातून एक दिवस यासाठी ठरवावा.

तपासणीचा लाभ कितपत होतो हे महाराष्ट्रातच पाहण्यात आले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांमधील दीड लाख स्त्रियांवर एक दीर्घ अभ्यास सुरू केला. थोडे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून तरुण स्त्रियांमध्ये असा लाभ दिसला नाही. म्हणजे यंत्र नसले तरी जाणकार हात उपयोगी पडतात, आणि तेही नेमके आपल्या विषयाच्या वयात. न दुखणारी गाठ, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून रक्ताळ स्राव, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा यांपैकी काहीही दिसल्यास आठवड्याच्या आत डॉक्टर गाठावा. गाठ दुखत नाही म्हणून ती साधी, हा समज उलटा आहे.

गर्भाशयमुखासाठी तत्कालीन उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक लाख ३१ हजार स्त्रियांवर झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीने या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहण्याची स्वस्त तपासणी तरुण वयात चांगली असली तरी पाळी गेल्यावर तपासायचा भाग आत सरकतो आणि ती फसवी ठरू शकते. या वयात विषाणूची चाचणी किंवा पॅप तपासणी मागावी. पाळी गेली म्हणजे या रोगाचा धोका गेला, असे नाही.

संप्रेरकांची गोळी घ्यावी काय?

जे संप्रेरक शरीरात कमी झाले तेच बाहेरून द्यावे, ही कल्पना जुनी आहे. १९७५ च्या सुमारास लक्षात आले की गर्भाशय असलेल्या स्त्रीला केवळ इस्ट्रोजेन दिल्यास अस्तराचा कर्करोग वाढतो. तेव्हापासून त्यासोबत प्रोजेस्टेरॉन वर्गातील औषध देण्यात येते. पुढे अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अभ्यासाचा १६ हजारांहून अधिक स्त्रियांचा भाग जुलै २००२ मध्ये मध्येच थांबविण्यात आला. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, हृदयविकार व रक्ताच्या गुठळ्या यांचे प्रमाण वाढल्याचे दिसले. हाडे मोडणे मात्र कमी झाले. जगभर लाखो स्त्रियांनी त्या वर्षी औषध सोडले. त्या गदारोळात दोन गोष्टी मागे पडल्या. एक, अभ्यासातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. दुसरी, स्तनाच्या कर्करोगातील वाढ दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला आठ इतकी होती. साठीच्या आत आणि पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केल्यास, तीव्र वाफांचा त्रास असलेल्या निरोगी स्त्रीला लाभ अधिक व धोका कमी, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधांवरील सर्वांत कडक स्वरूपाचे बहुतेक इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला.

तरी ते सर्वांसाठी नाही. स्तनाचा कर्करोग, हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका, पायात गुठळी, यकृताचा आजार हे झालेल्यांनी, तसेच ज्यांच्या रक्तस्रावाचे कारण अद्याप सापडलेले नाही त्यांनी ते घेऊ नये. केवळ तारुण्य टिकावे म्हणून घेण्याचे तर ते औषधच नव्हे. अकाली रजोनिवृत्ती झालेल्यांना मात्र स्वाभाविक वयापर्यंत ते देणे आवश्यक मानले जाते.

पिशवी काढण्याविषयी

वरील मुद्दा गर्भाशय काढलेल्या भगिनींशी निकटचा आहे. शस्त्रक्रियेत बीजांडकोशही काढले गेले तर त्याच दिवशी रजोनिवृत्ती होते, मग वय पस्तीस का असेना. हाडांची झीज व हृदयाचा धोकाही तेव्हापासूनच सुरू होतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण देशभर गाजले. राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यातील अनेक जणी तरुण होत्या. अंगावर पांढरे जाणे, पोटदुखी अशा, गोळ्यांनी बऱ्या होणाऱ्या तक्रारींवर 'कॅन्सर होईल' असे भय घालून शस्त्रक्रिया झाल्याच्या तक्रारी होत्या. आणि पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम मजुरी कापतो, म्हणून पाळीच नको असे वाटणाऱ्याही काही जणी होत्या. बिहार, छत्तीसगड व राजस्थानातील अशाच शस्त्रक्रियांविषयीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निकाल देऊन केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले.

गर्भाशय काढणे कधी कधी खरोखर अपरिहार्य असते. कर्करोगात ते प्राण वाचविते. परंतु शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घ्यावे आणि चार प्रश्न विचारावेत : निदान नेमके काय व त्याचा लेखी अहवाल आहे काय, औषधाने किंवा गर्भाशयात बसविण्याच्या संप्रेरकयुक्त साधनाने भागेल काय, बीजांडकोश काढणार की ठेवणार, आणि का, काढल्यास पुढे हाडांची व हृदयाची काळजी कोण घेणार. ज्यांची शस्त्रक्रिया पूर्वीच झाली आहे त्यांनी रुग्णालयातून मिळालेला कागद शोधून त्यात बीजांडकोशांविषयी काय लिहिले आहे ते पाहावे आणि पुढच्या प्रत्येक तपासणीस तो बरोबर न्यावा.